उसन्या मतांचे सोलापूर

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाचा दिवस. शहर मध्य मतदारसंघातल्या एका शाळेबाहेर मी तासभर उभा होतो. केंद्रापासून शंभर मीटरवर चुन्याची रेघ आणि रेघेच्या अलीकडे पक्षांची टेबले. कमळाच्या टेबलाशी पाच-सहा पोरे होती. यादी पानापानाने वाटून घेतलेली. मत पडले की नावावर पेनाची रेघ, आणि अकरानंतर ज्या नावांवर रेघ नाही त्यांना फोन. "मावशी, निघा की आता, रिक्षा पाठवू का?" हे आधी मराठीत, मग तेलुगूत. थोडे पलीकडे पतंगाचे टेबल, तिथेही वर्दळ. पंजाच्या टेबलावर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, टोपी, समोर पाण्याची बाटली. नाव शोधून द्या म्हणून आलेल्या एका बाईंना ते म्हणाले, "यादी यायचीय. पोरगं आणायला गेलंय." मी निघेपर्यंत पोरगे परतले नव्हते.

याच सोलापूरने साडेपाच महिन्यांपूर्वी, ४ जूनला, काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांना ७४ हजार १९७ मतांनी दिल्लीला पाठवले होते. आणि २३ नोव्हेंबरला जिल्ह्यातल्या अकरा विधानसभा जागांपैकी काँग्रेसच्या वाट्याला एकही आली नाही. ज्या शहर मध्यमधून प्रणिती शिंदे २००९, २०१४ आणि २०१९ अशा लागोपाठ तीनदा निवडून आल्या, तिथे भाजपचे देवेंद्र कोठे जिंकले, दुसऱ्या क्रमांकावर एमआयएमचे फारूक शाब्दी राहिले आणि काँग्रेस त्यांच्याही मागे.

यावर काँग्रेसवाल्यांचे ठरलेले उत्तर आहे: लाट होती. महाराष्ट्रभर असेच झाले, त्याला सोलापूर काय करणार? महाराष्ट्रभर झाले हे खरेच. भाजप १३२, एकनाथ शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर काँग्रेस १६. लोकसभेला सतरा जागा लढवून तेरा जिंकणारा पक्ष विधानसभेला शंभरेक जागा लढवून सोळांवर आला. पण सोलापूर जिल्ह्यापुरते लाटेचे कारण चालत नाही, कारण इथे लाट अडली होती. करमाळ्यात नारायण पाटील, माढ्यात अभिजित पाटील, मोहोळमध्ये राजू खरे, माळशिरसमध्ये उत्तमराव जानकर हे चौघे शरद पवारांच्या पक्षाचे. राज्यात त्या पक्षाचे दहाच आमदार आले, त्यातले चार एकट्या सोलापूर जिल्ह्यातले. बार्शीत दिलीप सोपल ठाकरेंच्या मशालीवर आले. सांगोल्यात शेतकरी कामगार पक्षाचे डॉ. बाबासाहेब देशमुख आले, म्हणजे सांगोल्याचे जुने आमदार गणपतराव देशमुख यांचा लाल बावटा पुन्हा उभा राहिला. अकरापैकी सहा जागा भाजपविरोधकांनी घेतल्या. राज्य भाजपमय असताना विरोधकांना इतकी मोकळी जागा देणारे जिल्हे हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. त्या मोकळ्या जागेत काँग्रेस मात्र कुठे दिसली नाही.

तेव्हा प्रश्न भाजप किती मोठा, एवढाच नाही. भाजपविरोधाची मते जिथे आहेत तिथेही ती काँग्रेसच्या हातात का राहत नाहीत, हे पाहायला हवे. त्यासाठी आधी आकडे.

२०१४च्या लोकसभेला सुशीलकुमार शिंदे देशाचे गृहमंत्री असताना भाजपचे शरद बनसोडे यांच्याकडून जवळपास दीड लाखांनी हरले. त्यांना मते पडली सुमारे ३ लाख ६८ हजार. पाच वर्षांनी तेच शिंदे, समोर गौडगावचे जयसिद्धेश्वर महास्वामी. शिंदेंना ३ लाख ६६ हजार ३७७. मोदींची पहिली लाट, दुसरी लाट, मध्ये नोटबंदी, जीएसटी, बालाकोट. सगळे होऊन गेले आणि काँग्रेसचे मत दोन हजारांनीही हलले नाही. ही सोलापुरातली काँग्रेसची हक्काची मते. यात वडिलांनी दिले म्हणून मुलगा देतो ती आहेत, विडी वळणाऱ्या बायांची आहेत, मुस्लिम मोहल्ल्यांतली आहेत, आणि 'साहेबां'ना देणारे पूर्व भागातले विणकरही आहेत.

आता २०२४. प्रणिती शिंदेंना ६ लाख २० हजार २२५. एका निवडणुकीत अडीच लाखांची उडी. ही मते भाजपकडून तुटून आली असे आपण गृहीत धरतो. पण २०१९ला महास्वामींना ५ लाख २४ हजार ९८५ मते होती आणि २०२४ला हरलेल्या राम सातपुतेंना ५ लाख ४६ हजार २८. हरतानाही भाजपची मते एकवीस हजारांनी वाढली. काही मतदार इकडून तिकडे गेले असतील, नवे नोंदले गेले असतील, पण एकूण थैली रिकामी झालेली नाही.

मग काँग्रेसची वाढ आली कुठून? २०१९ला वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर स्वतः सोलापुरात उभे होते आणि त्यांनी १ लाख ७० हजार मते घेतली होती. शिंदे आणि आंबेडकर यांची त्या वेळची बेरीज ५ लाख ३६ हजार भरते, म्हणजे महास्वामींपेक्षा अकरा हजारांनी जास्त. भाजपविरोधी सोलापूर २०१९लाच बहुमतात होते, फक्त दोन चिन्हांवर वाटलेले होते. २०२४ला वंचितच्या उमेदवाराने माघार घेतली, एमआयएमने उमेदवार दिला नाही, 'संविधान वाचवा' ही हाक वस्तीवस्तीत पोचली. वरचे ऐंशी-चौऱ्याऐंशी हजार ग्रामीण भागाने दिले. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि उठवली ती ४ मे २०२४ला, इथल्या मतदानाच्या तीन दिवस आधी. सोलापूर बाजार समिती राज्यातल्या मोठ्या कांदा बाजारांपैकी एक. ट्रॉली घेऊन आलेल्या शेतकऱ्याने हातात पडलेली पट्टी घडी करून खिशात ठेवली ती मतदानापर्यंत. त्यात मराठा आरक्षणाचा राग मिसळला. मोहिते-पाटलांनी भाजप सोडून शरद पवारांचा हात धरला होता. शेजारच्या माढ्यात धैर्यशील मोहिते-पाटील एक लाख वीस हजारांनी आले, त्या वाऱ्याचा झोत मोहोळ आणि पंढरपूर-मंगळवेढ्यातही लागला. प्रणिती शिंदेंना तारले ते या दोन मतदारसंघांकडच्या मतांनी. शहर उत्तरने सातपुतेंना भरघोस आघाडी दिली, आणि शहर मध्यने, म्हणजे प्रणिती शिंदेंच्या स्वतःच्या मतदारसंघाने, त्यांना दिलेली आघाडी अगदीच किरकोळ होती.

तेव्हाच कुणी तरी थांबून विचारायला हवे होते. आपल्या घरच्या अंगणात बरोबरी आणि पाहुण्याच्या शेतात पीक, ही खूण चांगली नव्हे. पण जूनमध्ये गुलाल उधळला गेला, हलग्या वाजल्या, आणि अडीच लाख उसनी मते पक्षाने आपल्या खात्यावर जमा करून टाकली. उसने देणारे नोव्हेंबरमध्ये आले आणि आपापले घेऊन गेले.

कसे घेऊन गेले, ते तीन जागांवर दिसते.

शहर मध्य. लोकसभेला मार्क्सवादी पक्षाने प्रणिती शिंदेंना साथ दिली. नरसय्या आडम हे सोलापूरच्या कामगार चळवळीतले जुने नाव, तीनदा आमदार राहिलेले. विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी कुंभारीत रे नगरची वसाहत उभी करणारे हेच; तिच्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या द्यायला १९ जानेवारी २०२४ला खुद्द पंतप्रधान आले होते. डाव्या पक्षाने घरे बांधायची आणि चावी मोदींनी द्यायची, हे चित्र सोलापुरातच घडू शकते. तर आडम मास्तरांनी विधानसभेला 'मध्य' मागितला. काँग्रेसने तो दिला नाही, आपले शहराध्यक्ष चेतन नरोटे यांना उभे केले. आडम मास्तर उभे राहिले, एमआयएम उभी राहिली, आणि लोकसभेला एका पंजाखाली आलेली मते तीन दिशांना गेली. बायकांच्या मतांत तर आणखी एक गोष्ट शिरली होती. ऑगस्टपासून लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यावर पडू लागले होते. सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला दीड हजार म्हणजे काय, हे विडीच्या मजुरीचा हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. महाविकास आघाडीने तीन हजारांचे आश्वासन दिले. पण बाईच्या खात्यावर आलेल्या पैशासमोर जाहीरनाम्यातला पैसा टिकत नाही.

दक्षिण सोलापूर. इथले नाटक तर पाहण्यासारखे होते. काँग्रेसच्या यादीत माजी आमदार दिलीप माने यांचे नाव आले, एबी फॉर्म मात्र आला नाही. जागा ठाकरेंच्या सेनेकडे गेली, अमर पाटील उमेदवार झाले. सिद्धेश्वर साखर कारखान्याचे धर्मराज काडादी अपक्ष उभे राहिले. याच कारखान्याची चिमणी जून २०२३मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळासाठी पाडली गेली होती आणि तिच्या धुराळ्यातून एक सहानुभूती तयार झाली होती. मतदानाच्या दिवशी, मते पडू लागल्यावर, सुशीलकुमार आणि प्रणिती शिंदे यांनी काडादींना पाठिंबा जाहीर केला. मित्रपक्षाचा उमेदवार रिंगणात असताना! ठाकरेंचे शिवसैनिक संतापले, काडादींना फायदा झाला नाही, भाजपचे सुभाष देशमुख आरामात निवडून आले. एका सकाळच्या त्या निर्णयाची किंमत काँग्रेसला अजून पुरी चुकवायची आहे. पुढच्या लोकसभेला हेच शिवसैनिक पंजासाठी दारोदार फिरायला हवे आहेत.

पंढरपूर-मंगळवेढा. काँग्रेसकडून भगीरथ भालके, शरद पवारांच्या पक्षाकडून अनिल सावंत. याला 'मैत्रीपूर्ण लढत' म्हणतात; मराठी राजकारणाने दिलेला हा शब्द इतक्या गंभीरपणे वापरला जातो की हसूही येत नाही. भाजपचे समाधान आवताडे साडेआठ हजारांच्या आतल्या फरकाने जिंकले. सावंतांना पडलेली मते त्या फरकापेक्षा जास्त होती. २०२१च्या पोटनिवडणुकीत हेच आवताडे याच भालकेंविरुद्ध पावणेचार हजारांनी जिंकले होते. म्हणजे जागा दोनदा आघाडीच्या हाताशी आली आणि दोनदा सुटली. काँग्रेसने जिल्ह्यात लढवलेली तिसरी जागा अक्कलकोट. तिथे सिद्धाराम म्हेत्रे भाजपच्या सचिन कल्याणशेट्टींकडून सलग दुसऱ्यांदा हरले आणि २०२५मध्ये शिंदेंच्या शिवसेनेत गेले. २०१४ला जिल्ह्यात काँग्रेसचे तीन आमदार होते, २०१९ला एक, आता शून्य.

इथवर चुका मोजल्या. पण नुसत्या चुकांनी पक्ष इतका खाली येत नाही.

सोलापूर हे काँग्रेसचे गाव होते, ते उगाच नाही. ६ एप्रिल १९३०ला इथल्या नगरपालिकेने इमारतीवर तिरंगा चढवला. मे महिन्यात गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांची नावे चार हुतात्मा चौकात रोज डोळ्यांसमोर असतात: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. तरीही स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच लोकसभेला सोलापूरने काँग्रेसला हरवले होते, हे फारसे कुणाला आठवत नाही. १९५२ला इथून शेकापचे शंकरराव मोरे आणि शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून गेले. १९५७ला संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. आणि १९६२ला तीच काँग्रेस २६४पैकी २१५ जागा घेऊन परत आली. मधल्या पाच वर्षांत मुंबईसह महाराष्ट्र मिळाला हे एक कारण. दुसरे कारण कमी बोलले जाते: सहकारी कारखाने, सोसायट्या, १९६२च्या मेपासून जिल्हा परिषदा. तालुक्यातल्या धडपड्या माणसाला बसायला खुर्ची मिळाली. काँग्रेसचा कार्यकर्ता म्हणजे कुठल्या तरी संस्थेचा संचालक, आणि निवडणूक म्हणजे संचालकाने आपल्या सभासदाला घातलेली साद.

शहरात जातीजमातींचा तोल सांभाळायचा, खेड्यात संस्थांचा. १९६२ला लिंगायत समाजातले मादेप्पा काडादी खासदार, मग सूरजरतन दमाणी, १९८० आणि १९८४ला तेलुगू भाषिक विणकर समाजातले गंगाधर कुचन, १९८९ आणि १९९१ला धर्मण्णा सादूल. तेहतीस-चौतीस वर्षे ही घडी मोडली नाही. मोडली १९९६ला, आणि मोडणारे लिंगराज वल्याळ पूर्व भागातलेच होते. भाजपने काँग्रेसचाच तोल उचलला, चिन्ह बदलले. मागे गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडत चालले होते. नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जुनी मिल: जिथे युनियन होती, कामगार एका दाराने आत जात आणि एका दाराने बाहेर येत, तिथे मत मागायला एक सभा पुरे. यंत्रमागाच्या गल्ल्यांत आणि विडीच्या घरांत प्रत्येक दार वेगळे वाजवावे लागते. काँग्रेसला ती सवय कधी लागलीच नाही.

खेड्याकडची संस्था १९९९ला हातची गेली. शरद पवारांनी वेगळी चूल मांडली तेव्हा अकलूज, माढा, मोहोळ, पंढरपूरकडचे कारखानदार बहुतेक त्यांच्या मागे गेले. म्हणून आज माढा लोकसभा मतदारसंघात काँग्रेस नुसती टाळ्या वाजवणारी. पुढे जिल्हा मध्यवर्ती बँकेची थकबाकी वाढली आणि २०१८मध्ये संचालक मंडळ जाऊन प्रशासक आला. जिल्ह्यात आज तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, त्यांतले कित्येक खासगी. खासगी कारखान्याला सभासद नसतो, त्याला ऊस घालणारा असतो. आणि भाजप म्हणजे नुसती शाखा असे मानणाऱ्यांनी सुभाष देशमुखांचा लोकमंगल समूह पाहावा. कारखाना, बँक, पतसंस्था, सामुदायिक विवाह. काँग्रेसचा जुना धडा त्यांनी काँग्रेसपेक्षा नीट गिरवला.

उरले सुशीलकुमार शिंदे. कोर्टातला शिपाई, मग पोलीस उपनिरीक्षक, १९७४ला करमाळ्यातून आमदार, पुढे अर्थमंत्री, मुख्यमंत्री, राज्यपाल, केंद्रीय गृहमंत्री. दलित समाजातला हा माणूस १९९८ आणि १९९९ला खुल्या लोकसभा मतदारसंघातून निवडून आला, हे सोलापूरलाही भूषणावह. पण २००३ला ते मुख्यमंत्री झाले, लोकसभेची जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक भाजपच्या प्रतापसिंह मोहिते-पाटलांनी जिंकली. २००४ला देशात 'इंडिया शायनिंग' आपटले, दिल्लीत काँग्रेस आली, आणि सोलापुरात बसलेल्या मुख्यमंत्र्यांच्या पत्नी उज्ज्वलाताई भाजपच्या सुभाष देशमुखांकडून हरल्या. सोलापूर दिल्लीच्या वाऱ्याने मत देते असे म्हणणाऱ्यांनी हे वर्ष विसरू नये. शिंदे स्वतः उभे नसले की जागा जाते, हा इशारा २००४चाच आहे. त्यावर पक्षाने शोधलेला उपाय म्हणजे शिंदेंच्याच घरातला पुढचा उमेदवार.

हे प्रणिती शिंदेंवर अन्याय करून मी म्हणत नाही. त्या झोपडपट्टीत फिरणाऱ्या आमदार होत्या, मोर्च्यात पुढे असत, २०१४ आणि २०१९ला वडील हरत असताना त्या जिंकत होत्या. पण त्यांच्यामागे कोण? शहर काँग्रेसचे खरे यंत्र विष्णुपंत कोठे यांच्या घरात होते. शिंदे दिल्ली-मुंबईत, प्रभाग आणि बूथ कोठे सांभाळणार, असा अलिखित करार. त्यांचे चिरंजीव महेश कोठे महापौर झाले, २०१४च्या सुमारास शिवसेनेत गेले, पुढे शरद पवारांकडे. २०२४ला शहर उत्तरमधून तुतारी घेऊन लढले, हरले, आणि जानेवारी २०२५मध्ये प्रयागराजला कुंभमेळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांचेच पुतणे देवेंद्र आज शहर मध्यचे भाजप आमदार. ज्या घरात काँग्रेसच्या याद्या असत त्या घरात आज कमळाच्या याद्या आहेत. सुरुवातीला सांगितलेल्या पंजाच्या टेबलावर यादी का नव्हती, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

याद्यांवरून आठवले. माळशिरस तालुक्यातले मारकडवाडी गाव डिसेंबर २०२४मध्ये देशभर गाजले. मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहू म्हणणाऱ्या गावकऱ्यांना प्रशासनाने थांबवले. मतदारयाद्यांविषयी राहुल गांधींनी उठवलेल्या प्रश्नांना निवडणूक आयोगाने सरळ उत्तरे द्यायला हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण यादीत घोळ आहे हे पकडायला आधी यादी वाचणारा माणूस लागतो. ज्या केंद्रावर आपला एजंट दुपारनंतर जेवायला गेला तो गेलाच, तिथल्या घोळाची तक्रार कोण करणार?

आता भाजपचे कच्चे दुवे. ते आहेत, आणि ठळक आहेत. २०१७ला महापालिकेच्या १०२ जागांपैकी ४९ घेऊन भाजपने पहिल्यांदा सत्ता घेतली. काँग्रेसला तेव्हा १४ मिळाल्या होत्या, शिवसेनेला २१, एमआयएमला ९. पाच वर्षांत दोन देशमुखांचे, शहर उत्तरचे विजयकुमार आणि दक्षिणचे सुभाषबापू यांचे, गट एकमेकांच्या फायली अडवत राहिले. मार्च २०२२मध्ये प्रशासक आला. उजनी काठोकाठ भरते, नदीला पाणी सोडावे लागते, आणि शहरात नळ चार-पाच दिवसांनी येतो. सोलापुरात लग्नाची तारीख धरताना पाण्याचा दिवस बघतात, हा बाहेरच्याला विनोद वाटतो. टॉवेल-चादरीचा धंदा टिकून आहे, पण शिकलेली पोरे सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातात ती सणाला येतात. विमानतळ सुरू झाला, वंदे भारत आली. त्याने पोरांचे जाणे सोपे झाले.

भाजपमध्ये बाहेरून येणाऱ्यांची रांग इतकी वाढली आहे की जुने कार्यकर्ते बाहेर उभे आहेत. पालकमंत्री जयकुमार गोरे स्वतः एके काळचे काँग्रेसचे आमदार. उद्या तिकीटवाटपात हे भांडण फुटेल, बंडखोर उभे राहतील. पण भाजपच्या घरातल्या भांडणावर काँग्रेसची आशा टांगणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीवर आपला मळा. बंडखोर हरला की परत जातो. काँग्रेसकडे येत नाही, कारण काँग्रेसकडे द्यायला काही नाही. विरोधात बसून पाण्यासाठी सलग दोन वर्षे प्रभागनिहाय लढणारा पक्ष असता तर गोष्ट वेगळी असती. एक घागर मोर्चा, एक निवेदन, दुसऱ्या दिवशी फोटो. एवढ्याने नळ येत नाही आणि मतही.

गुजरातचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९९५पासून तिथे विधानसभेची प्रत्येक निवडणूक काँग्रेस हरते. २०२४ला बनासकांठ्यात गेनीबेन ठाकोर यांची एक लोकसभा जागा आली, त्यांचा स्वतःचा जनसंपर्क म्हणून. एक धडाडीची बाई, एक जागा, आणि खाली पोकळी. सोलापूर त्या वाटेवर आहे की काय, अशी भीती वाटते. पण फरकही आहे. गुजरातेत भाजपविरोधाला दुसरे घर नव्हते. इथे शरद पवार आहेत, शेकाप आहे, मार्क्सवादी पक्ष आहे, वंचित आहे, ठाकरेंची सेना आहे. प्रत्येकाकडे थोडी थोडी माणसे आहेत, आणि माणसांचीच काँग्रेसला वाण आहे. सन्मानाने जागा सोडली तर ती माणसे मिळतात.

२०२९पर्यंत आणखी एक गोष्ट हलू शकते. जनगणनेनंतर मतदारसंघांची फेररचना आली तर सोलापूर लोकसभा २००९पासून आहे तशी अनुसूचित जातींसाठी राखीव राहील का, हद्दी त्याच राहतील का, महिला आरक्षणात कोणती जागा जाईल, हे आज कुणी सांगू शकत नाही. एका घरावर उभा असलेला पक्ष अशा फेरबदलात सगळ्यात आधी कोसळतो.

 माझा अंदाज सांगतो, चुकला तर वाचकांनी लेख कापून ठेवावा आणि दाखवावा.   विधानसभेला पंढरपूर ही एकच जागा आज हाताच्या अंतरावर आहे, तीही पवारांच्या पक्षाशी आधी बसून ठरवले तर. शहर मध्य परत हवा असेल तर उमेदवार आत्ताच ठरवावा आणि पाच वर्षे त्याला त्याच गल्ल्यांत फिरवावे. दक्षिण ठाकरेंना सोडावी, आणि मतदानाच्या दिवशी मत बदलू नये. लोकसभा मात्र काँग्रेस राखू शकते, पण ती सव्वासहा लाखांवर नाही. तिची स्वतःची मते पावणेचार लाखांच्या आत आहेत, आणि भाजपची साडेपाच लाखांच्या जवळ.